सिम्फनीची स्वस्त तिकिटं मुंबईत मिळवायची कशी?

शर्वरी_डोंबिवली

एनसीपीएत, म्हणजे नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये, सिम्फनी ऐकायला जाऊया म्हटलं की माझ्या ओळखीतली बहुतेक माणसं "ते आपल्याला कुठलं परवडायला" म्हणून विषय मिटवतात. पुढच्या रांगांचे दर बघितले तर त्यांचं बरोबरच आहे, ते काही हजारांत जातात. पण त्याच कार्यक्रमाला त्याच छताखाली काहीशे रुपयांत बसणारी माणसंही असतात, आणि ती कशी बसतात हे कुणी कुणाला सांगत नाही. म्हणून हा धागा. मला माहीत आहे ते मी लिहिते, तुम्ही भर घाला.

ज्यांना अजिबात माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं. सिम्फनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी, लिहिलेली पाश्चात्य रचना. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, म्हणजे एसओआय, २००६ मध्ये एनसीपीएत उभा राहिला. खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह या दोघांनी तो सुरू केला. वर्षात दोन मोठे मोसम असतात, एक फेब्रुवारीच्या सुमाराला आणि दुसरा सप्टेंबरच्या. पूर्ण ऑर्केस्ट्रा बहुतेक वेळा जमशेद भाभा थिएटरमध्ये वाजतो. तिथे ११०९ खुर्च्या आहेत. खाली मोठा भाग आणि वर बाल्कनी.

आता तिकिटांचं. दर खुर्चीच्या जागेप्रमाणे चार-पाच गटांत पडतात. सगळ्यात खालच्या गटातल्या खुर्च्या मोजक्या असतात आणि त्याच आधी जातात. विक्री आधी सभासदांसाठी उघडते, मग सगळ्यांसाठी. सभासदांचा दरही कमी असतो. म्हणून मोसमाची घोषणा झाली की दोन तारखा वहीत लिहून ठेवायच्या: कार्यक्रमाची आणि सर्वांसाठी विक्री उघडण्याची. दुसरी तारीख जास्त महत्त्वाची. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात तिकीट बघायला गेलं की फक्त महागडे गट उरलेले दिसतात आणि मग "एनसीपीए म्हणजे श्रीमंतांचं" हे मत पक्कं होतं.

अजून एक. ५०० रुपयांपर्यंतच्या मैफलीच्या तिकिटावर जीएसटी नाही. त्याच्या वर गेलं की १८ टक्के लागतो. त्यामुळे ५०० चं तिकीट आणि ६०० चं तिकीट यांतला खरा फरक शंभरापेक्षा जास्त पडतो. ऑनलाइन घेताना सुविधा शुल्क वेगळं लागतं. चर्चगेटच्या बाजूला नोकरी असेल तर जेवणाच्या सुट्टीत बॉक्स ऑफिसवर जाऊन घेणं केव्हाही चांगलं. तिथला माणूस खुर्च्यांचा नकाशा समोर ठेवतो आणि खांब-कठडा कुठे आड येतो तेही विचारता येतं.

माझी मुलगी व्हायोलिन शिकते. तिच्या क्लासमधल्या किती मुलांनी ऐंशी-नव्वद वादक एकत्र वाजवताना समोर बसून ऐकलंय? फार थोड्या. त्या मुलांसाठी कार्यक्रमाच्या दिवशी उरलेल्या खुर्च्या स्वस्तात मिळायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. परदेशात ही पद्धत आहे म्हणतात. तिथे राहणाऱ्यांनी कृपया नीट लिहा.

गिरगावकर

ताई, धागा काढलात हे फार छान केलंत.

मुंबईला सिम्फनी नवी नाही. मेहली मेहतांनी, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांनी, १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला होता. व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये भारतीय रागांवर आधारलेल्या रचनांसाठी सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केले आणि लताबाई, मन्ना डे यांना गायला बोलावलं. आपण ज्या जुन्या चित्रपटगीतांच्या सुरुवातीच्या व्हायोलिनांवर जीव टाकतो, ती वाजवणारे गोव्याचे ख्रिस्ती आणि पारशी वादक याच संगीतात तयार झालेले होते. ते दादर-गिरगावच्या चाळींपासून हाकेच्या अंतरावर राहत होते. म्हणजे हे संगीत आपल्या कानावर रोज पडत होतं, सभागृहात मात्र आपण गेलो नाही.

आणि गाणं ऐकायला पैसे लागतात ही अट गिरगावाने कधी मानली नाही. गणेशोत्सवात मोठमोठ्या गवयांच्या बैठका व्हायच्या आणि मंडपात जागा नाही म्हणून लोक रस्त्यावर, पायऱ्यांवर, समोरच्या गॅलरीत बसून पहाटेपर्यंत ऐकायचे. मी लहानपणी वडिलांबरोबर असाच फूटपाथवर बसून ऐकायला शिकलो. घरात रेकॉर्ड प्लेअर आला तो फार नंतर. स्वस्तात किंवा फुकट ऐकलेल्यांतूनच पुढे तिकीट काढणारा श्रोता तयार होतो, हे मी माझ्या पिढीत पाहिलंय.

चेलोवेडा

मागच्या खुर्च्यांबद्दल लिहितो, कारण स्वस्त म्हणजे कमी प्रतीचं ऐकणं अशी भीती असते आणि सिम्फनीच्या बाबतीत ती खरी नाही.

इथे माईक आणि स्पीकर नसतात. जे ऐकू येतं ते वाद्यातून निघून, भिंती-छतावर आपटून, एकमेकांत मिसळून आपल्यापर्यंत येतं. अगदी पहिल्या-दुसऱ्या रांगेत बसलात तर समोरच्या व्हायोलिनांच्या गजाचा आवाजसुद्धा ऐकू येईल, पण मागची बासरी, ओबो, क्लॅरिनेट ही मंडळी व्हायोलिनवाल्यांच्या खांद्याआड जातात, दिसायलाही आणि ऐकायलाही. जसजसे मागे आणि वर जाल तसतसा आवाज एकजीव होत जातो. बाल्कनीतून तर पूर्ण मांडणी नकाशासारखी दिसते: कुणी सूर सोडला, कुणी उचलला, ढोलवाला आपली पाळी यायच्या आधी काय करतो, सगळं. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी बाल्कनीच सांगेन, पैसे असोत वा नसोत.

जिथे सांभाळायला हवं त्या दोन जागा. एक, खालच्या भागात जिथे वरची बाल्कनी छतासारखी डोक्यावर खूप पुढे आलेली असेल तिथल्या सगळ्यात मागच्या रांगा. वरून परतणारा आवाज तिथे पोचत नाही. दोन, अगदी टोकाच्या बाजूच्या खुर्च्या, कारण रंगमंचाचा अर्धा भाग दिसत नाही. पियानो कॉन्चेर्टो (पियानो पुढे आणि ऑर्केस्ट्रा त्याच्या साथीला अशी रचना) असेल तर प्रेक्षकांच्या डाव्या हाताच्या बाजूने वादकाची बोटं दिसतात, उजव्या बाजूने चेहरा दिसतो. स्वस्त गटात निवड करायची वेळ आली तर शिकणाऱ्या मुलांनी डावी बाजू घ्यावी.

एनसीपीएतल्याच टाटा थिएटरची गोष्ट निराळी. १९८० मध्ये सुरू झालेल्या या सभागृहाचा आराखडा फिलिप जॉन्सन यांचा आणि ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. पंख्यासारखी पसरट रचना आहे आणि माईकशिवाय ऐकू यावं म्हणूनच ते बांधलं. तिथे चौघा-पाचजणांचं चेंबर म्युझिक असतं तेव्हा मागे बसूनही काही हुकत नाही, आणि अशा कार्यक्रमांचे दर पूर्ण ऑर्केस्ट्रापेक्षा बरेच कमी असतात.

लंडनस्थ_कोकणी

शर्वरीताई, इकडची पद्धत सांगतो.

लंडनच्या प्रॉम्सची, म्हणजे दर उन्हाळ्यातल्या मोठ्या संगीत महोत्सवाची, सुरुवातच मुळी स्वस्त तिकिटासाठी झाली. १८९५ मध्ये क्वीन्स हॉलमध्ये हेन्री वुड यांच्या संचालनाखाली हे कार्यक्रम सुरू झाले तेव्हा हेतू हाच होता की ज्यांना एरवी परवडत नाही त्यांनी उभं राहून, आरामात, थोड्या पैशांत ऐकावं. १९४१ मध्ये क्वीन्स हॉल बॉम्बहल्ल्यात गेला आणि प्रॉम्स रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आले. आजही ऑर्केस्ट्राच्या अगदी समोरची जागा खुर्च्यांविना मोकळी ठेवतात आणि तिथली उभ्याची तिकिटं त्याच दिवशी विकतात. २०२४ च्या मोसमात ते तिकीट ८ पौंडांना होतं. म्हणजे इथे सगळ्यात स्वस्त तिकीटवाला संचालकाच्या, म्हणजे हातांच्या इशाऱ्यांनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेणाऱ्याच्या, सगळ्यात जवळ उभा असतो. महागडी तिकिटं काढलेले लोक त्याच्या मागे आणि वर.

व्हिएन्नाच्या मुझिकफरायनमध्ये, तो सोनेरी हॉल जिथून १ जानेवारीचा कार्यक्रम टीव्हीवर दिसतो, तिथेही मागे उभ्याने ऐकण्याची जागा आहे. बर्लिनच्या फिलहार्मोनीत ऑर्केस्ट्राच्या पाठीमागे बाकांच्या रांगा आहेत. त्या स्वस्त, कारण आवाज उलट्या बाजूने येतो आणि गायक असेल तर त्याची पाठ आपल्याकडे. पण संचालकाचा चेहरा आणि हात समोरून दिसतात, त्यामुळे संगीत शिकणारी मुलं त्याच जागांसाठी धडपडतात. बर्लिनला दुपारचे छोटे मोफत कार्यक्रमही होतात आणि ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊमध्ये बुधवारी दुपारी. कचेरीतली माणसं डबा खायच्या वेळेत येऊन अर्धा तास ऐकून जातात.

बॉस्टनची_सून

बॉस्टनमध्ये आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा याच सोयीवर जगलो. बॉस्टन सिम्फनीचं ‘रश’ तिकीट म्हणजे ठराविक वारांच्या कार्यक्रमांना काही खुर्च्या बाजूला काढून त्याच दिवशी दहा डॉलरच्या आसपास विकायच्या. रांग लावायची, माणशी एकच तिकीट, रोख पैसे, जी खुर्ची मिळेल ती. थंडीत रांगेत उभं राहून ओळखी व्हायच्या. अमेरिकेतल्या इतरही अनेक ऑर्केस्ट्रांकडे विद्यार्थ्यांसाठी वेगळे दर आहेत, कुठे वर्षाचं थोडक्या पैशातलं कार्ड, कुठे शेवटच्या तासात उरलेली तिकिटं. आणखी एक चांगली पद्धत म्हणजे सकाळची रंगीत तालीम तिकीट लावून खुली करणं. तालमीत संचालक मध्ये थांबवतो, एखादी ओळ पुन्हा वाजवून घेतो, आणि शिकणाऱ्याला कार्यक्रमापेक्षा तिथे जास्त मिळतं.

आपल्याकडे हे का होऊ नये हे मला कळत नाही. संध्याकाळी सात वाजून गेले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य होते. दादरच्या भाजीवाल्याला हे रात्री नऊ वाजता बरोबर कळतं.

रंगपट

थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका.

मी व्यावसायिक नाटकाच्या व्यवस्थेत बरीच वर्षं काढली आहेत. स्वस्त तिकीट हे बोलायला सोपं आहे. ज्याला दीड तास आधी उभं राहून अर्ध्या दरात मिळतं त्याला पाहून, महिनाभर आधी पूर्ण पैसे भरणारा पुढच्या वेळी थांबतो. मग आगाऊ विक्री पडते, आणि आगाऊ विक्रीवरच तर संस्थेचं धाडस उभं असतं. दुसरं म्हणजे सौजन्य प्रवेशिका. फुकट पास वाटले की घेणारे घेतात आणि येत नाहीत. नाट्यगृहात पाचवी रांग पासवाल्यांची म्हणून रिकामी आणि वर बाल्कनीत पैसे भरलेली माणसं दाटीवाटीने, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि सिम्फनीचा खर्च समजून घ्या. ऐंशी-नव्वद वादक, त्यातले बरेचसे मोसमासाठी परदेशातून येणारे, त्यांचं राहणं, विमान, तालमी, पाहुणे संचालक. बाउमॉल आणि बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये हेच मांडलं होतं. कारखान्यात यंत्र सुधारलं की तेवढ्याच माणसांत जास्त माल निघतो, पण चौघांसाठी लिहिलेली रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं लागत होती आणि आजही चारच लागतात, वेळही तेवढाच. पगार मात्र बाकीच्या जगाबरोबर वाढतात. त्यामुळे जगात कुठेही मोठा ऑर्केस्ट्रा केवळ तिकिटांवर चालत नाही, देणगीदार किंवा सरकार लागतंच. अशा संस्थेला "दर कमी करा" सांगताना आपण त्यांच्यावर काय टाकतोय याचा विचार हवा.

शर्वरी_डोंबिवली

रंगपटदादा, राग कसला, हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं. पासांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. फुकट नकोच. थोडे तरी पैसे भरलेला माणूस पाऊस असला तरी येतो.

पण बॉस्टनच्या आणि लंडनच्या पद्धतीत तुमच्या पहिल्या मुद्द्याला उत्तर आहे असं मला वाटतं. तिथे स्वस्त तिकिटासाठी काहीतरी सोडावं लागतं. खुर्ची निवडता येत नाही, आधी ठरवता येत नाही, उभं राहावं लागतं, दोघांना शेजारी बसता येईलच असं नाही. ज्याला दोन खुर्च्या शेजारी, मधल्या भागात आणि खात्रीने हव्यात तो ही जोखीम घेणार नाही, तो आगाऊच घेईल. आणि विद्यार्थ्यांसाठी ओळखपत्र दाखवायची अट घातली तर नोकरदार माणूस थांबून बसण्याचा प्रश्नच येत नाही. जो आज पूर्ण पैसे देतो त्याच्यापर्यंत ही सवलत पोचतच नाही, ज्याने एरवी तिकीट काढलंच नसतं त्याच्यापर्यंत पोचते.

तुम्ही म्हणता तसं तिकिटांवर ऑर्केस्ट्रा चालत नसेल, तर मागच्या वीस-तीस खुर्च्या कमी दरात गेल्याने त्याचं गणित बिघडणारही नाही. देणगी देणाऱ्यालाही भरलेलं आणि तरुण सभागृह बघायला आवडेल.

रंगपट

ओळखपत्राची अट आणि ठराविक संख्या, एवढं असेल तर माझा विरोध नाही. संख्या आधी जाहीर करायची नाही एवढं पाहा.

वसईकर

तिकिटाइतकाच प्रवासाचा प्रश्न आहे, त्यावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. माझ्याकडच्या लोकांना तिकीट परवडतं, टॅक्सी परवडत नाही.

पश्चिम रेल्वेवाल्यांनी चर्चगेटला उतरून सरळ मरिन ड्राइव्हने चालत जावं, वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि संध्याकाळी तो रस्ता सुंदर असतो. पावसाळ्यात शेअर टॅक्सी किंवा बेस्ट. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ पूर्ण सुरू झाली आहे, तिचं विधान भवन स्टेशन एनसीपीएला सगळ्यात सोयीचं, तिथून पंधरा-वीस मिनिटांची चाल. मध्य रेल्वेवाल्यांना सीएसएमटीला उतरून तीच मेट्रो पकडता येते. परतीच्या मेट्रोची शेवटची वेळ आधी बघून ठेवा, लोकल त्यानंतरही असतात.

कार्यक्रम साधारण सातला सुरू होतो आणि मध्यंतर धरून नऊ-सव्वानऊपर्यंत संपतो. रविवारी कधी लवकरची वेळ असते, लांब राहणाऱ्यांनी शक्यतो तोच प्रयोग धरावा. उशिरा पोचलात तर दोन रचनांच्या मधल्या थांब्यापर्यंत बाहेर उभं करतात. विरार फास्ट चुकली हे कारण तिथे चालत नाही, तेव्हा एक गाडी आधीची पकडा.

सायली_बदलापूर

मी या विषयात अगदीच नवीन. दोन प्रश्न. कपडे कसे घालायचे? आणि काही कळलं नाही तर? पाश्चात्य संगीताची आमच्या घरी कुणाला गंधवार्ता नाही.

चेलोवेडा

सायली, ऑफिसला जातेस तेच कपडे. सभागृहात एसी जोरात असतो, ओढणी किंवा शाल जवळ ठेव.

कळण्याचं म्हणशील तर जाण्याआधी आठवडाभर रोज ती रचना यूट्यूबवर ऐकायची, काम करता करता ऐकली तरी चालेल. ओळखीची सुरावट प्रत्यक्षात समोरून उठते तेव्हा अंगावर काटा येतो. सुरुवात द्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीपासून कर, ‘न्यू वर्ल्ड’ म्हणतात ती. हा चेक माणूस अमेरिकेत गेला आणि तिथे त्याने ती लिहिली, पहिला प्रयोग न्यूयॉर्कमध्ये १८९३ साली. दुसऱ्या भागात कोर आंग्ले नावाचं ओबोच्या जातीचं वाद्य एक संथ सुरावट वाजवतं. ती ऐकल्यावर आपल्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही, पाचच सुरांवर ती बहुतेक उभी आहे, आपल्या भूपासारखेच सूर.

सिम्फनीचे बहुधा चार भाग असतात. भागांच्या मध्ये टाळ्या वाजवत नाहीत, शेवटी वाजवतात. संचालकाचे हात पूर्ण खाली आले की समजायचं. तोपर्यंत शेजारच्यांकडे बघ.

तबला येणाऱ्यांसाठी एक सांगतो. झाकिर हुसेनांनी तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी ‘पेश्कार’ नावाचा कॉन्चेर्टो लिहिला, एसओआयबरोबर २०१५ मध्ये एनसीपीएतच तो पहिल्यांदा वाजला. तबला शिकणाऱ्या मुलांनी तो जरूर शोधून ऐकावा. स्वतः झाकिरभाई आता नाहीत, पण रचना आहे, आणि ती ऑर्केस्ट्रासकट ऐकली की दोन्ही बाजूंची भिंत किती पातळ आहे ते समजतं.

दादरची_मावशी

मोठ्या मोसमांव्यतिरिक्तही ऐकायला मिळतं, तेही लिहून ठेवते. एसओआयचा चेंबर ऑर्केस्ट्रा लहान आहे आणि त्याचे कार्यक्रम मोसमाबाहेरही होतात, दर सोसण्यासारखे. एनसीपीएतच एसओआयची संगीत अकादमी आहे, तिथल्या मुलांचे कार्यक्रम असतात. मेहली मेहता म्युझिक फाउंडेशनही १९९५ पासून मुलांना शिकवतं आणि कार्यक्रम करतं. फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव, तो सगळा मोफत. डिसेंबरमध्ये वांद्र्याच्या आणि दक्षिण मुंबईच्या चर्चमधून कॉयर, म्हणजे गायकवृंद, गातात, तिथे जाऊन मागच्या बाकावर शांत बसलं तर कुणी हटकत नाही. माझे कान तिथेच तयार झाले. चार आवाज एकाच वेळी चार वाटांनी जातात आणि तरी भांडत नाहीत, हे एकदा कानाला समजलं की ऑर्केस्ट्रा अवघड वाटत नाही.

सभासदत्वाबद्दल: फक्त सिम्फनीसाठी घेऊ नका, पैसे वसूल होत नाहीत. तिथलं शास्त्रीय गायन, नाटक, नृत्य यालाही जाणार असाल तर मात्र घ्या, कारण सगळीकडेच दर कमी आणि तिकीट आधी.

एक इशारा. नावाजलेला कलाकार असेल, २०२३ मध्ये झुबिन मेहता एसओआयचं संचालन करायला आले होते तसा प्रसंग असेल, तर व्हॉट्सॲपवर तिकिटं विकणारे उगवतात. अनोळखी माणसाकडून क्यूआर कोडचा फोटो घेऊन पैसे पाठवू नका. एकच कोड चौघांना विकला असेल तर जो आधी पोचेल तो आत जाईल. ओळखीतल्या कुणाला जाता येत नसेल तर त्याच्याकडून तिकिटाच्या मूळ किमतीत घ्या, तेच खरं सवलतीचं तिकीट.

कॉर्पोरेशन_शाळा

मी महापालिकेच्या शाळेत शिकवतो. आमच्या मुलांनी व्हायोलिन चित्रात पाहिलंय. इथे सगळे विद्यार्थी विद्यार्थी म्हणतायत तेव्हा क्लासला जाणारी मुलं डोळ्यांसमोर आहेत, ती चांगलीच आहेत, पण ज्यांना क्लासही नाही त्यांना पहिल्यांदा कोण नेणार? आमची मुलं संध्याकाळी सातला नरिमन पॉइंटला येऊ शकत नाहीत, घरी भावंडं सांभाळायची असतात. सकाळची तालीम खुली झाली तर शाळेच्या वेळात मी वर्ग घेऊन येऊ शकतो. बसचं बघू, ते जमवता येतं.

गिरगावकर

सर, तुमचा मुद्दा सगळ्यात वर हवा. बसच्या खर्चाचं माझ्याकडे लागलं. आमच्या मंडळाच्या उत्सवाच्या शिलकीतून दरवर्षी मुलांसाठी काहीतरी करायचं ठरतं आणि वह्यावाटपाशिवाय काही सुचत नाही.

शर्वरी_डोंबिवली

सगळ्यांचे आभार. या धाग्यातून निघालेली विनंती मी पत्राच्या रूपात लिहितेय. तक्रार नाही, मागणी नाही, श्रोत्यांची विनंती. मसुदा:

"महोदय, आम्ही मुंबई आणि आसपासच्या उपनगरांतले संगीतप्रेमी आहोत. आपल्या ऑर्केस्ट्राच्या मोसमात पुढील तीन गोष्टींचा विचार व्हावा ही विनंती. १. कार्यक्रमाच्या दिवशी सायंकाळी साडेपाचपासून, न विकल्या गेलेल्या काही खुर्च्या विद्यार्थ्यांना ओळखपत्र दाखवून सवलतीच्या दरात, माणशी एक याप्रमाणे, बॉक्स ऑफिसवरच मिळाव्यात. हा दर ५०० रुपयांच्या आत असावा, म्हणजे त्यावर कर लागणार नाही. २. मोसमात किमान एक रंगीत तालीम शाळांसाठी सकाळच्या वेळी खुली व्हावी. ३. मोसमाच्या घोषणेबरोबरच सर्वांसाठी विक्री उघडण्याची तारीख मराठीतही प्रसिद्ध व्हावी. तिसऱ्या कामासाठी लागणारं भाषांतर आम्ही करून देऊ."

सुधारणा सुचवा. रविवारी पाठवते.

लंडनस्थ_कोकणी

उत्तम. पहिल्या कलमात ‘विद्यार्थी’ ऐवजी ‘२५ वर्षांखालील सर्व’ करा. अठराव्या वर्षी कामाला लागलेला मुलगा कॉलेजचं ओळखपत्र कुठून आणणार? त्याला आधार कार्ड दाखवता येईल.

रंगपट

याला अनुमोदन. आणि ‘काही खुर्च्या’ तसंच ठेवा, आकडा मागू नका. आकडा मागितला की बैठक बसते आणि वर्ष जातं. माझी सही धरा.

शर्वरी_डोंबिवली

२५ वर्षांचा बदल केला, ‘काही खुर्च्या’ तसंच ठेवलंय. तालमीच्या कलमात सरांच्या सांगण्यावरून ‘महापालिका शाळांना प्राधान्य’ हेही घातलंय. ज्यांना नाव द्यायचंय त्यांनी मला व्यक्तिगत निरोपातून कळवा, इथे खरी नावं टाकू नका. सायली, बाल्कनीतल्या दोन खुर्च्या बघून ठेवते, विक्री उघडली की फोन करते.

सायली_बदलापूर

तीन बघता का ताई? आईपण येते म्हणतेय. भूपाचं सांगितल्यापासून ती कालपासून तो दुसरा भागच ऐकतेय.